बांबूवरचा लाल दोरा

“अरे, बांबू आडवा धर! आडवा!” सलोनी ओरडली.

“आडवाच तर धरलाय!” पुढचं टोक सांभाळत विनीत म्हणाला.

“मग तुझ्या आजीची गोधडी त्याच्यावर चढलीच कशी?”

विनीत गर्रकन वळला आणि वळता वळता बांबूचं दुसरं टोक पाण्याच्या पिंपावर दाणकन आपटलं. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून कमळाबाईंचा आवाज आलाच, “मेल्या, माझी गोधडी खंय घेऊन चाललंस? ट्रकात हांतरूक?”

सगळ्या चाळीत हशा पिकला. हसली नाही ती फक्त प्रिती. एक जाडजूड लोखंडी पाना दोन्ही हातांनी छातीशी धरून ती जिन्यापाशी उभी होती.

काळाचौकीची तांडेल चाळ आज ट्रक आणायला निघाली होती. साधासुधा नव्हे, सैन्याचा हिरवागार ट्रक! सैन्याने लिलावात काढलेला, दारूखान्याच्या भंगारबाजारातल्या रामजीशेठने उचललेला आणि आता चाळीच्या मंडळाने त्याच्याकडून घेतलेला. मंडळ एकच, पण मिरवणुका दोन. चौदा एप्रिलला जयंतीची आणि भाद्रपदात गणपतीची. दोन्हींसाठी आजवर ट्रक भाड्याने यायचा. गेल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी तो भाड्याचा ट्रक ऐन चढावर बंद पडला आणि गर्दीत हळूहळू मागे घसरू लागला. प्रिती तेव्हा ट्रकच्या मागेच लेझीम खेळत होती. कुणीतरी प्रसंगावधान राखून चाकाखाली फळी सरकवली, म्हणून निभावलं. प्रितीचा पाय वाचला, चप्पल मात्र चाकाखाली आली.

ती चपटी झालेली चप्पल प्रितीच्या आजोबांनी टाकू दिली नाही. घरात दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवली आणि मंडळाच्या बैठकीत सांगितलं, “यापुढे आपल्या पोरांच्या पुढे चालेल ती आपलीच गाडी. आणि ती मी पसंत करीन.”

जगदीश सकपाळ म्हणजे प्रितीचे आजोबा. सैन्यात एकोणीस वर्षं त्यांनी ट्रक चालवलेला, तोही डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर. त्यांच्यापुढे कोण बोलणार? गेल्या रविवारी त्यांनी या तिघांना बरोबर नेऊन पाच ट्रक पाहिले आणि त्यातला एक निवडला. सगळं ठरलं. आणि परवा त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं! डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस धूळ नको. दारूखान्यात तर श्वास घेतला तरी गंज नाकात जातो.

म्हणून आज ट्रक आणायची कामगिरी मंडळाचे अध्यक्ष अण्णा यांच्यावर होती. अण्णा मनाने अगदी चांगले, पण कामात घिसाडघाई आणि फोटोची भारी हौस! चाळीच्या तोंडाशी लागणाऱ्या प्रत्येक फलकावर त्यांचा हात जोडलेला फोटो असायचाच, मग फलक दहावीच्या निकालाचा असो, नाहीतर उद्या पाणी बंद असल्याचा!

निघताना आजोबांनी प्रितीला जवळ बोलावलं होतं. काळा चष्मा लावून ते खाटेवर बसले होते.

“गाडी हलण्याआधी ड्रायव्हर काय करतो?”

“तिच्याभोवती फेरी मारतो. प्रत्येक चाकाचा प्रत्येक नट पान्याने ठोकतो.”

“कशाला?”

“घट्ट नट खणखणतो. ढिला नट बद्द वाजतो.”

“बद्द वाजला तर?”

“गाडी हलवायची नाही.”

“आणि अण्णा म्हणाले, चला हलवा, तर?”

अण्णा केवढे मोठे! त्यांना प्रितीने ‘नाही’ कसं म्हणायचं?

“तरी नाही,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपला जुना पाना तिच्या हातात दिला.

आता तो पाना वाटेत जड जड होत चालला होता.

* * *

बांबूचं काम वेगळं होतं. टोकाला बेचकं असलेला हा वीस फुटी बांबू मंडळाचा जुना मानकरी. मिरवणुकीत उंच मूर्तीच्या आड रस्त्यावरच्या वायरी आल्या की बेचक्यात धरून त्या वर उचलायच्या. आजही ट्रक गल्लीतून येताना त्याची गरज लागणार होती. शिवाय त्यावर दोन दोरे बांधलेले होते. पिवळा दोरा म्हणजे चाळीच्या प्रवेशद्वारावरच्या कमानीची उंची आणि लाल दोरा म्हणजे ट्रकच्या टपाची. गेल्या रविवारी आजोबांनी मुलांकडून मापं घेऊनच ते बांधून घेतले होते. दोहोंत अंतर होतं फक्त चार बोटांचं.

दारूखान्यात रामजीशेठच्या आवारात हिरव्या ट्रकांची रांगच लागली होती. एकीकडे गॅसकटरचा फर्रर्र आवाज, दुसरीकडे पत्र्यांवर घणाचे घाव. विनीतचा मामा धोंडू आपली लॉरी घेऊन आधीच येऊन थांबला होता. ट्रकचे कागद आरटीओतून होईपर्यंत तो स्वतःच्या इंजिनावर रस्त्यावर काढायचा नव्हता, म्हणून लॉरीच्या मागे लोखंडी दांड्याने टोचन लावून न्यायचा होता.

“या या अध्यक्षसाहेब!” रामजीशेठ हात पसरून पुढे आला. “बघा कसा नवरदेवासारखा सजवून ठेवलाय! चाकंसुद्धा काळ्या रंगाने रंगवून दिलीत. आपल्याकडून फुकट!”

खरंच, चाकं आरशासारखी चमकत होती. अण्णांची कळी खुलली. “वा शेठ, वा! विनीत, बांबू घेऊन ट्रकच्या बाजूला उभा राहा. सलोनी, काढ फोटो!”

सलोनीने आईचा मोबाइल वर धरला. विनीतने टपाशेजारी बांबू उभा केला आणि प्रिती दोऱ्याकडे बघतच राहिली.

लाल दोरा टपाच्या वर होता. चांगला तीन बोटं वर!

“विनीत, बांबू सरळ धर.”

“सरळच आहे.”

“खाली दगड आहे का?”

“नाही गं! स्वतः बघ.”

प्रितीने बांबू ओढून घेतला आणि दुसऱ्या बाजूला नेऊन उभा केला. तिथेही तीन बोटं! दोरा सरकला की काय? पण पिवळ्या दोऱ्यापासून तो बरोबर चार बोटांवरच होता.

“ट्रक बुटका झालाय!” ती म्हणाली.

“उन्हाने आक्रसला असेल,” सलोनी हसत म्हणाली. “माझी आई म्हणते, सुती कपडे धुतले की...”

“सलोनी, खरंच सांगतेय मी! अण्णा, बघा ना, ट्रक तीन बोटं कमी भरतोय.”

अण्णांनी मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. “हवा कमी असेल चाकात. अगं, उलट बरंच की! कमानीखालून आरामात जाईल.”

विनीतने लगेच चाकाला सणसणीत लाथ मारली आणि एका पायावर नाचत बाजूला झाला. “आई गं! हवा कमी? दगड आहे दगड!”

प्रितीच्या मनात विचारांचा गुंता झाला. हवा भरलेली आहे. टप तोच आहे, गेल्या रविवारी पाहिलेला दाराजवळचा पोचा तोच आहे. मग ट्रक खाली कसा आला?

काही सुचेना, तेव्हा तिने आजोबांनी सांगितलेली फेरी सुरू केली. पुढचं उजवं चाक. खण्ण! खण्ण! खण्ण! पुढचं डावं. खण्ण! तिला जरा हायसं वाटलं. मागचं उजवंही खणखणलं. मग ती मागच्या डाव्या चाकाशी आली.

बद्द.

तिने पुन्हा ठोकलं. बद्द. शेजारचा नट. बद्द. त्याच्या शेजारचा. बद्द! दहापैकी सहा नट तसेच बोलत होते.

“ए पोरी!” रामजीशेठ धावतच आला. “रंग उडेल ना! ही काय खेळायची जागा आहे?”

“काका, हे नट ढिले आहेत.”

“ढिले? माझ्या माणसांनी स्वतः आवळलेत. अध्यक्षसाहेब, पोरांना आवरा बुवा!”

अण्णांच्या कानाला फोन होता. चाळीच्या तोंडाशी बँडवाले केव्हाचे येऊन बसले होते आणि ‘किती वेळ, किती वेळ’ म्हणून विचारत होते. “प्रिती, मोठ्यांची कामं चाललीत ना! धोंडू, टोचन लाव. आणि पोरांनो, तुम्ही ट्रकमध्ये मागे उभं राहायचं, हातात झेंडे घेऊन. काय दिसेल माहितेय!”

ट्रकमध्ये मागे! वाटेत रेल्वेवरचा तो पूल, त्याचा तो उतार, पलीकडे बसस्टॉपवरची गर्दी. प्रितीच्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगलेली चप्पल उभी राहिली.

“सलोनी, मोबाइल दे. आजोबांना फोन लावायचाय.”

पहिल्याच घंटीला आजोबांनी फोन उचलला. प्रितीने धापा टाकत सगळं सांगितलं.

“ऐकव,” ते म्हणाले.

तिने एका हाताने मोबाइल चाकाशी धरला आणि दुसऱ्या हाताने पाना मारला. बद्द.

“पुन्हा.”

बद्द.

आजोबा अगदी सावकाश म्हणाले, “गेल्या रविवारी एकूण एक नट खणखणत होता. उभ्या गाडीचे नट आपोआप ढिले होत नाहीत, प्रिती. ते चाक कुणीतरी काढून पुन्हा बसवलंय.”

चाक काढलंय! प्रितीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ट्रक तोच, टप तोच, तरी तीन बोटं खाली. “आजोबा, चाकंच बदललीत! लहान चाकं लावलीत!”

“अण्णांना फोन दे. लगेच!”

ती धावत गेली. अण्णांच्या एका कानाला बँडवाले होतेच. त्यांनी दुसऱ्या हातात सलोनीचा मोबाइल घेतला, “जगदीशकाका, काळजीच करू नका! ट्रक निघालाच!” असं मोठ्याने म्हटलं आणि फोन बंद करून प्रितीच्या हातात ठेवला.

आता काय करायचं?

* * *

तिघं बांबूच्या आडोशाला जमली. म्हणजे बांबूचा आडोसा तो काय, पण मनाला तेवढाच धीर.

“मला वेळ हवाय,” प्रिती कुजबुजली. “आपली चाकं इथेच कुठेतरी असणार. ती सापडली तर अण्णांना मानावंच लागेल.”

“पण चाकं सगळी सारखीच. आपली ओळखणार कशी?” सलोनीने विचारलं.

विनीतचे डोळे चमकले. “माझ्या आजीने गाऱ्हाणं घातलं होतं ना!”

खरंच की! गेल्या रविवारी ट्रक पसंत पडल्याबरोबर, हौसेने बरोबर आलेल्या कमळाबाईंनी हळद-कुंकवाचा डबा पिशवीतून काढला होता. चारही चाकांना कुंकू, वर अक्षता, आणि मग हात जोडून दणदणीत मालवणी गाऱ्हाणं, “बा देवा म्हाराजा, हेच्या चाकाक कसली ईडापीडा येव देव नको रे म्हाराजा!” आणि सगळ्यांनी “होय म्हाराजा!” म्हणताना रामजीशेठनेही हात जोडले होते.

“पण वेळ कसा मिळवणार?”

“ते माझ्यावर सोपव,” म्हणत विनीत थेट रामजीशेठपुढे जाऊन उभा राहिला. “शेठ, लिंबं कुठेत?”

“कसली लिंबं?”

“चाकांखाली ठेवायला! चार चाकं, चार लिंबं. ती चिरडल्याशिवाय नवी गाडी हलते का कधी? आजीला कळलं तर ती पुन्हा इथे येईल आणि पुन्हा गाऱ्हाणं घालेल. या वेळी तुमच्या नावाने!”

रामजीशेठचा चेहरा पडला. धंदेवाला माणूस! शकुन नाकारायची त्याची छाती होईना. “ए, जा रे कुणीतरी, चार लिंबं घेऊन या!” त्याने हाक मारली. अण्णांनीही घड्याळाकडे बघत मान डोलावली.

“सलोनी, तू अण्णांचे फोटो काढत राहा,” प्रिती म्हणाली. “विनीत, चल!”

दोघं वाकून ट्रकांच्या रांगेमागे शिरली. एक ट्रक झाला, दुसरा झाला. कुठे चाकंच नव्हती, कुठे टायरांतून गवत उगवलं होतं. प्रितीचे कान मागच्या आवाजांकडे लागले होते. लिंबं घेऊन माणूस आला असेल का? धोंडूमामांनी टोचन लावलं असेल का? अगदी भिंतीच्या कडेला एक ट्रक ताडपत्रीने पार जमिनीपर्यंत झाकलेला होता.

“मी जातो आत. मी बारीक आहे,” म्हणत विनीत ताडपत्रीखाली सरपटला. त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. मग तेही आत गेले.

“विनीत? सापडलं का काही?”

प्रितीने ताडपत्रीची कड उचलली.

“विनीत!”

“प्रिती,” आतून दबका आवाज आला, “इथली चाकं केवढी मोठी आहेत! माझ्या छातीपर्यंत येतात. कुंकू मात्र दिसत नाहीये. पुसून काढलंय वाटतं.”

म्हणजे संपलं सगळं?

“थांब, थांब! नटांच्या खोबणीत ग्रीस आहे. त्यात काहीतरी लाल... अगं, तांदळाचे दाणे! दोन! आजीच्या अक्षता!”

तेवढ्यात मागून लॉरीचं इंजिन धडधडलं आणि भोंगा वाजला. विनीत ताडपत्रीखालून सुसाट बाहेर आला, नाकापासून गुडघ्यापर्यंत काळा. दोघं जिवाच्या आकांताने पळत सुटली.

चारही चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. टोचन लागलं होतं. धोंडूमामा लॉरीत बसले होते.

“कुठे उलथला होतात?” अण्णा कडाडले. “चढा पटापट!”

“अण्णा, हा ट्रक हलवू नका!” प्रितीला धाप लागली होती. “चाकं आपली नाहीत. आपली चाकं तिकडे मागे...”

“पुरे! लिंबं झाली, फोटो झाले, आता हे काय नवीन? बँडवाला निघून जाईल! चढायचं नसेल तर चालत ये. धोंडू, काढ गाडी!”

प्रितीच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलून उपयोग नव्हता. बोलणं अण्णांच्या कानात शिरतच नव्हतं. मग त्यांना थांबवणार तरी कशाने? एकाएकी तिने डोळे पुसले आणि सलोनीच्या कानाशी लागली, “अण्णांना त्या डाव्या चाकाचा नट धरायला लाव. फोटोसाठी!”

सलोनी क्षणात समजली. “अण्णा! एकच फोटो राहिला हो!” ती ओरडली. “अध्यक्ष स्वतः चाक तपासताना! कमानीवर मोठ्ठा फलक लावता येईल!”

अण्णांचा वर गेलेला हात तसाच थांबला. “मामा, एक मिनिट हं,” सलोनीने धोंडूमामांना खूण केली. अण्णा आलेच! शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला, मागच्या डाव्या चाकाशी गुडघा टेकला.

“असा?”

“नट चिमटीत धरा. हां, जरा फिरवल्यासारखं करा. हसा!”

अण्णा कॅमेऱ्याकडे बघून छान हसले. त्यांनी नट फिरवल्यासारखं केलं आणि नट खरंच फिरला. एक वेढा. दोन वेढे. तिसऱ्याला तो निघून त्यांच्या हातातच आला.

अण्णांचं हसू जागच्या जागी गोठलं. त्यांनी शेजारच्या नटाला हात लावला. तोही फिरला. गॅसकटरवालासुद्धा थांबून बघायला लागला होता.

“धोंडू,” अण्णा कसेबसे म्हणाले, “इंजिन बंद कर.”

* * *

“पोरं आवळायची विसरली असतील!” रामजीशेठने सारवासारव केली. “आत्ता आवळून देतो. दोन मिनिटांचं काम!”

“नट आवळाल, पण चाकं?” प्रिती म्हणाली. “ही चाकं लहान आहेत. म्हणून ट्रक तीन बोटं खाली आलाय. आमची चाकं मागच्या ट्रकला लावलीत तुम्ही.”

धोंडूमामा लॉरीतून उतरले. त्यांनी खिशातल्या किल्लीने टायरवरचा काळा रंग खरवडला. रंगाखाली टायर भेगाळलेला होता. एका भेगेत त्यांची किल्ली अर्धी आत गेली. “अण्णानूं, ह्यो पुलावर फुटलो असतो,” ते म्हणाले. “आणि वर पोरां.”

सगळे मागच्या ट्रकपाशी गेले. विनीतने ताडपत्री ऐटीत बाजूला सारली.

“अहो, हा तर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल!” रामजीशेठ म्हणाला. “सैन्यातून जसा आला तसाच उभा आहे.”

विनीतने करंगळीने खोबणीतलं ग्रीस उकरलं. लालसर ग्रीस आणि त्यात चिकटलेला तांदळाचा दाणा त्याने सगळ्यांपुढे धरला.

“मग ह्यो अक्षता सैन्यान लावल्यान?” धोंडूमामांनी विचारलं.

रामजीशेठने घाम पुसला. नवीकोरी मोठी चाकं, दुसऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या ट्रकला तशीच हवी असलेली, माणसांनी रात्रीत घाईघाईने अदलाबदल केली, असं काहीबाही तो पुटपुटत राहिला. अण्णा एरवी असते तर तार स्वरात भांडले असते. आज ते हळू आवाजात बोलले आणि म्हणूनच ऐकायला जड गेलं.

“शेठ, या ट्रकच्या मागे आमची पोरं नाचणार. तुम्ही गेल्या रविवारी आमच्याबरोबर हात जोडून ‘होय म्हाराजा’ म्हणालात.”

रामजीशेठने मान खाली घातली. मग माणसांना हाक मारली, “जॅक आणा रे! चारही चाकं बदला!”

चाकं बदलून होईपर्यंत चार वाजले. वडापाव आले, ऊन कललं, बँडवाल्याचे नऊ फोन येऊन गेले. प्रत्येक चाक बसलं की प्रिती पाना घेऊन पुढे जायची आणि आता तिला कुणी ‘खेळू नको’ म्हणत नव्हतं. उलट ती ठोकायला लागली की अण्णाच सगळ्यांवर डाफरायचे, “शू! ऐकू दे तिला!” चाळीस नट. चाळीसच्या चाळीस खणखणले.

शेवटी विनीतने बांबू उभा केला. लाल दोरा टपाला बरोब्बर टेकला.

मुलं धोंडूमामांच्या शेजारी लॉरीत बसली. अण्णांनीच बसवली. पूल चढताना प्रितीने सलोनीचा हात घट्ट धरला होता. उतारावर तिने डोळे मिटून घेतले आणि फक्त आवाज ऐकत राहिली. चाकं एका लयीत चालली होती. गल्लीत शिरल्यावर अण्णा स्वतः बांबू घेऊन पुढे चालले आणि एकेक वायर बेचक्यात उचलत गेले. मग कमान आली. सगळी चाळ खाली उतरली होती, पण श्वास सोडायला कुणी तयार नव्हतं. टप कमानीखाली शिरला. चार बोटं! ट्रक इंच इंच सरकत आत आला आणि थकलेल्या बँडवाल्यांनी एकदम जोरात सुरुवात केली.

आजोबा काळा चष्मा लावून जिन्याच्या पायरीवर बसले होते. अण्णांनी बँड थांबवला आणि घडलेलं सगळं, स्वतःची चूकसुद्धा, चारचौघांत सांगून टाकलं. “या तिघांचं मी ऐकलं नाही. यांनी मलाच नट फिरवायला लावला, म्हणून आज सगळे धड घरी आलो. यंदाच्या फलकावर माझा फोटो नको. या तिघांचा लावा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमळाबाईंनी विनीतचं काळं नाक पदराने पुसत कानशिलावर बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. “माझो झील गुणाचो! गोधडी ओढल्यान तां माफ!”

“किती नट?” गलका थांबल्यावर आजोबांनी विचारलं.

“चाळीस. सगळे खणखणतात.” प्रितीने पाना पुढे केला.

आजोबांनी तो घेतला नाही. “तुझ्याकडेच राहू दे. मिरवणुकीच्या दिवशी गाडी हलायच्या आधी फेरी तू मारायचीस. तू हो म्हटल्याशिवाय अण्णासुद्धा गाडी हलवणार नाहीत.”

“नाही हलवणार बाई!” अण्णांनी कानाला हात लावला.

सगळे ट्रकभोवती जमले तेव्हा आजोबा प्रितीच्या खांद्यावर हात ठेवून घरात आले. दारामागे चाचपडत त्यांनी खिळ्यावरची चपटी चप्पल काढली आणि तिच्या हातात दिली.

“ही आता टाकून दे,” ते म्हणाले.

प्रितीने ती जमिनीवर ठेवून पाय घालून पाहिला. वर्षभरात तिचा पाय वाढला होता आणि चप्पल आता तिला होतही नव्हती.